कप्तान पडला तेव्हा

तिचं खरं नाव ऑफिसातही कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. फोनवरच्या लोकांनी तिला हिंटताई म्हणायला सुरुवात केली आणि मग साहेबांपासून झाडू मारणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांनी तेच धरलं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन निघालेली मुलगी एक दिवस परक्या माणसांना फोनवरून भुयारातून बाहेर काढण्याचा पगार घेईल, हे तिच्या वडिलांना शेवटपर्यंत कुणाला नीट समजावून सांगता आलं नाही. "कॉम्प्युटरमध्ये आहे," एवढं म्हणून ते विषय बदलायचे.

तिची कंपनी कॉम्प्युटरवरचे गेम बनवायची. जुन्या धाटणीचे, धावपळ कमी आणि डोकेफोड जास्त अशातले. डब्यात फ्लॉप्यांची चळत, सोबत एक जाडसर पुस्तिका, आणि तिच्या मागच्या पानावर ठळक अक्षरांत फोन नंबर: 'अडलात? विचारा.' तो फोन हिंटताईच्या टेबलावर वाजायचा.

तिला ते गेम मनापासून आवडायचे. नोकरी लागण्याआधीपासून. 'विहिरीखालचं राज्य' तिने लग्न ठरलं त्या महिन्यात सोडवला होता. सासरची माणसं बघायला आली तेव्हा तिच्या डोक्यात अर्धा साबण होता. त्या गेममध्ये सुरुवातीच्याच खोलीत कोनाड्यात साबणाचा अर्धा तुकडा पडलेला असतो. कुणी तो उचलत नाही. आणि मग कितीतरी आठवडे खेळून शेवटाशी आलं की कळतं, राजवाड्याच्या गजांतून निसटायला तोच साबण लागतो, आणि मागे जायला वाट नाही. लोक फोनवर अक्षरशः रडायचे. "ताई, मी तो बघितला होता हो! म्हटलं, साबण काय करायचाय?" म्हणून तिने स्वतःला सवयच लावून घेतली होती, दिसेल ते उचलायचं. तिची पर्स बघून नवरा म्हणायचा, "यात एक दिवस मीही सापडेन."

पण लोकांचा सगळ्यात लाडका गेम 'काळं बेट'. त्यात तुम्ही नुसते खेळत नाही, कुणीतरी बनता. एक गलबत आणि त्यावरची माणसं. कप्तान, टेहळ्या, चोर, वैद्य, बल्लव. प्रत्येकाला आपण नाव द्यायचं, आपण वाढवायचं. प्रत्येकाचं बळ वेगळं, आणि ते संपलं की तो माणूस पडतो. घराघरांतून लोकांनी भूमिका वाटून घेतल्या होत्या. एक रिटायर्ड मास्तर तर फोनवर सांगायचे, "आमचा बल्लव फार उद्धट झालाय," आणि ते नातवाबद्दल बोलताहेत की गेमबद्दल, हे कळायला दोन-तीन वाक्यं जावी लागायची.

हिंटच्या कामाला एक नियम होता. साहेबांनी तो पहिल्याच दिवशी घोटून घेतला होता. तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर फक्त बोट दाखवायचं, कुठल्या दिशेला ते. दुसऱ्यावर वस्तूच्या जवळ न्यायचं, नाव घ्यायचं नाही. माणूस तरीही अडला, तरच तिसरी पायरी. तिथे सरळ उत्तर.

"लोकांना उत्तर नको असतं, बाई," साहेब म्हणायचे. "आपणच शोधून काढलं असं त्यांना वाटायला हवं असतं. तुम्ही उत्तर देऊन टाकलंत तर डबा विकत घेतल्याची मजाच घालवलीत."

तिला ते पटायचं. इतकं पटायचं, की घरीही तिच्या तोंडात पायऱ्या बसल्या होत्या. नवऱ्याने सकाळी मोजे कुठे आहेत विचारलं की ही म्हणायची, "काल रात्री कुठे बसला होतात?"

"मला बस गाठायचीय!"

"खुर्चीच्या आसपास बघा."

"अगं, तिसरी पायरी सांग ना बाई एकदाची!"

लेकीच्या बाबतीत मात्र तिच्याकडे पायऱ्या नव्हत्या. तिथे सरळ हुकूम. लेक तिसरीत होती. शाळेतून एकटी घरी यायची, गळ्यात किल्ली, आणि आई येईपर्यंत घरात एकटीच असायची. त्या तेवढ्या वेळाने हिंटताईचं काळीज कुरतडलं होतं. दार उघडायचं नाही. गॅसला हात लावायचा नाही. अनोळखी माणसाला नाव-पत्ता सांगायचा नाही. रोज सकाळी वेणी घालताना ती हे लेकीकडून म्हणून घ्यायची, आणि लेक पाढे म्हणावेत तशा एका सुरात ते म्हणायची.

त्या दुपारी ऑफिसात ती आणि नकाशेवाला, दोघंच होते. नकाशेवाला म्हणजे जाड भिंगांचा, कमी बोलणारा मुलगा. प्रत्येक गेमचे नकाशे तो चौकटीच्या कागदावर काढून भिंतीवर लावायचा. शेजारच्या टेबलावर तो रबराने एक भुयार पुसत होता. फोन वाजला.

"अडलात? विचारा," हिंटताई म्हणाली.

पलीकडे आधी नुसता श्वास आला. मग एक बारीक आवाज. "हिंटताई आहेत का?"

"मीच. कुठला गेम, बाळा?"

"काळं बेट."

"बरं. काय झालं?"

"कप्तान पडला."

हिंटताईला हसू आलं. काळ्या बेटात सगळ्यांचाच कप्तान पडतो. दोरांच्या पुलावर खेकडे येतात, आणि नवीन माणूस तिथे हमखास लढायला उभा राहतो.

"आत्ताच पडला का?"

"हो. मी हलवलं. पाणी पण शिंपडलं तोंडावर. उठत नाही."

पाणी शिंपडून बघणारे बरेच असायचे. बेटावर एक झरा होता, आणि त्याचं पाणी औषधी असणार असं सगळ्यांना उगाचच वाटायचं.

"पाण्याने नाही उठायचा गं तो. रडतेस की काय?"

"नाही. टेहळ्याने रडायचं नसतं. कप्तानच म्हणतो."

"शहाणा आहे तुझा कप्तान." हिंटताईने चहाचा कप जवळ ओढला. "आता नीट ऐक हं. जवळपास आणखी कोण आहे ते बघ. गलबतावरची सगळीच माणसं काही लढणारी नसतात."

ही पहिली पायरी.

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. पावलं गेली. हिंटताईने नकाशेवाल्याकडे बघून ओठांनीच 'पूल, खेकडे' असं म्हटलं, त्याने न बघता मान हलवली. पावलं परत आली.

"बघितलं. कुणीच नाही."

वैद्याला वाटेत कुठेतरी सोडून आलेली दिसतेय, हिंटताईच्या मनात आलं. मुलं असंच करतात, त्यांना वैद्य कंटाळवाणा वाटतो.

"मग दुसरी हिंट देते. कप्तानाला उठवायला तलवारवाला उपयोगाचा नाही. ज्याच्या हातात पिशवी असते, तो माणूस लागतो. कोण बरं तो?"

"पिशवी?" मुलीने विचारलं. "आमच्याकडे भाजीची पिशवी आहे. दाराला लावलीय."

हिंटताई खदखदून हसली. नकाशेवाल्यानेही वर बघितलं. ते हसणं तिला पुढे कधीच विसरता आलं नाही.

"भाजीची नव्हे गं! अजून विचार कर. घाई नाही."

पुन्हा पावलं. मग एक छोटीशी किंकाळी, आणि लंगडत आल्यासारखा आवाज.

"ताई, कप्तानाचा चहा सांडलाय. मी त्यात पाय दिला. किटलीतलाच होता. खूप भाजलं."

हिंटताईच्या हातात तिचा स्वतःचा चहा तसाच राहिला. काळ्या बेटावर चहा नाही. तिथे नारळाचं पाणी आहे, दारूचं पिंप आहे, कडू काढा आहे. चहा नाही. आणि पडद्यावर सांडलेल्या चहाने कुणाचा पाय भाजत नाही.

"बाळा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "कप्तान म्हणजे कोण?"

"कप्तान म्हणजे कप्तान." आता तो बारीक आवाज पहिल्यांदा फाटला. "माझे बाबा."

हिंटताई उभी राहिली. खुर्ची मागे आपटली. डोक्यात विचार असा एकही नव्हता. होतं ते फक्त तिचंच वाक्य, तिच्याच गोड, फोनवरच्या आवाजातलं. घाई नाही. घाई नाही.

तिने फोनच्या तोंडावर हात दाबला. "खरा आहे."

"कोण खरा?" नकाशेवाल्याने विचारलं.

"कप्तान! गेममधला नाही. तिचा बाप पडलाय घरात. ॲम्ब्युलन्स लाव!"

तो दुसऱ्या फोनकडे धावला. नंबर फिरवला, आणि मग वळून बघितलं. "पाठवू कुठे?"

हिंटताईने हात काढला. "बाळा, बाबांची छाती हलतेय का?"

"हलतेय. घरघर वाजतंय. आणि तोंड एका बाजूला वाकडं झालंय."

"पाणी पाजू नकोस हं. काही पाजू नकोस. तुमचा पत्ता सांग मला पटकन."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"ऐकतेस ना? घर कुठे आहे तुमचं?"

"अनोळखी माणसाला नाव-पत्ता सांगायचा नाही," मुलगी म्हणाली. एका सुरात. पाढे म्हणावेत तसं.

 तो सूर हिंटताईच्या ओळखीचा होता. सकाळी वेणी घालताना तिने तोच ऐकला होता.

"अगं, मी अनोळखी नाही. तुझे बाबा मला नेहमी फोन करतात."

"पण तुम्ही दिसत नाही ना."

"आई कुठे आहे?"

"कारखान्यात. तिथे कामाच्या वेळेत फोनवर बोलावत नाहीत."

"शेजारी कोण राहतं? कुणीतरी असेल ना!"

"खाली शिवणवाल्या काकू. पण दार उघडायचं नाही. कुणीही सांगितलं तरी नाही." जरा थांबून तिने पुढे जोडलं, "तुम्ही सांगितलं तरी नाही."

"अगं, उघड म्हणते ना मी!" हिंटताई ओरडली. "वेड लागलंय का? बाबा पडलेत तुझे! जा, दार उघड आधी!"

पलीकडे एकदम शांतता. घाबरलेल्या मुलाची, पलंगाखाली गेल्यासारखी शांतता. हिंटताईला कळलं की आपण ओरडलो आणि त्याच क्षणी खरोखरच्या अनोळखी झालो. आत्तापर्यंत दूरचा का होईना, ओळखीचा आवाज होतो. आता दाराबाहेर धक्के मारणारी बाई झालो. नकाशेवाला रिसीव्हर कानाला लावून, पेन कागदावर टेकवून उभा होता. कागद कोरा होता.

हिंटताई खाली बसायला गेली आणि खुर्ची नव्हती, म्हणून जमिनीवरच बसली. टेबलाच्या पायाला पाठ लावून तिने डोळे मिटले.

"टेहळ्या," ती हळू म्हणाली. "आहेस का?"

"...आहे."

"मला एक सांग. काळ्या बेटात नवीन माणसाला गलबतावर कोण घेतं?"

"कप्तान. दुसऱ्या कुणाला घेता येत नाही."

"बरोबर. आणि कप्तानच पडला तर? मग हुकूम कोण देतं?"

तिला पुढचं सगळं माहीत होतं. ते जिभेच्या टोकावर होतं, आणि सांगून टाकावं म्हणून तिचा जीव तडफडत होता. पण तिने ओठ दातांखाली धरला. ओरडून मघाशी काय झालं ते तिने ऐकलं होतं. हुकूम पोचत नव्हता तिथे. त्या मुलीला तो स्वतःहून सापडला तरच तो तिचा होणार होता.

"जो कप्तानाची टोपी घालतो तो," मुलगी म्हणाली.

"हं."

"बाबांची टोपी खुंटीवर आहे. लिफ्टवरची. ते मोठ्या दुकानात लिफ्ट चालवतात."

हिंटताईने हं सुद्धा म्हटलं नाही.

काहीतरी ओढल्याचा आवाज आला, फरशीवरून स्टूल ओढावं तसा. मग बराच वेळ काहीच नाही. मग फोनच्या अगदी जवळ श्वास.

"घातली."

"आता कप्तान कोण?"

"मी."

"दाराबद्दलचा हुकूम कुणाचा चालणार?"

"माझा," मुलगी म्हणाली, आणि रिसीव्हर बाजूला आपटला.

पुढचं हिंटताईला फक्त ऐकू आलं. स्टूल ओढत नेल्याचं. कडी खडखडल्याचं. लांबून आलेलं "निघत नाहीये!" आणि मग लोखंडावर काहीतरी ठोकल्याचं, पुन्हा पुन्हा. नंतर कळलं, ती बापाच्या बुटाची टाच होती. मग दार भिंतीवर आदळलं आणि जिन्यात एक आवाज घुमला, एवढ्याशा गळ्यातून इतका मोठा आवाज निघू शकतो हे हिंटताईला माहीत नव्हतं.

"काकू! गलबतावर या! काकू, लवकर गलबतावर या!"

खालून वैतागलेलं उत्तर आलं. "काय गं कार्टे, भरदुपारी काय गलबत लावलंयस? मशीन चालू आहे माझी."

"कप्तान पडला! बाबा पडले!"

मग पायऱ्यांवर जड पावलं. आणि दारातून, "अगं बाई! अगं बाई गं!"

हिंटताई फोनमध्ये ओरडत राहिली, "फोन घ्या! अहो काकू, फोन घ्या!" शेवटी कुणीतरी घेतला.

"कोण बोलतंय?"

"पत्ता सांगा."

"पण तुम्ही कोण?"

"आधी पत्ता सांगा हो!"

बाईंनी सांगितला. हिंटताईने तो मोठ्याने म्हटला, नकाशेवाल्याने लिहिता लिहिता दुसऱ्या फोनमध्ये म्हटला. मग पलीकडे कुणीतरी फोन खाली ठेवला, सवयीने, नीट जागेवर. लाइन तुटली.

आवाजाने साहेब आतून आले. हिंटताई अजून जमिनीवरच होती. नकाशेवाल्याने त्यांना काय झालं ते सांगितलं, कधी नव्हे इतकी वाक्यं एकदम बोलून. साहेबांचा चेहरा उतरत गेला.

"तुम्ही कितव्या पायरीवर होतात?" त्यांनी विचारलं.

"दोन झाल्या होत्या."

"आणि तिसरी काय होती?"

नकाशेवाल्याने मान खाली घातली. त्याला पाठ होतं. हिंटताईलाही पाठ होतं.

"वैद्याला बोलाव," ती म्हणाली. "तिसरी पायरी आहे, वैद्याला बोलाव. पहिल्या वाक्यापासून मी ते हातात धरून बसले होते, साहेब. तिला देत नव्हते."

 साहेबांनी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

हिंटताईने घरी फोन लावला. तिकडे तो पुष्कळ वेळ वाजला.

"आई," लेक म्हणाली, "तूच म्हणतेस ना फोन घ्यायचा नाही, मग करतेस कशाला?"

"मग घेतलास कशाला?"

"तूच असतेस. आपल्याला दुसरं कोण करतंय?"

"बरी आहेस ना? काय करतेस?"

"काही नाही. आणि दार बंद आहे. समोरच्या काकी दोनदा वाजवून गेल्या, तरी उघडलं नाही. तिसऱ्यांदा म्हणाल्या, अगं मी आहे, तर मी आतून म्हटलं, असाल." तिच्या आवाजात केवढा अभिमान होता. "बरोबर ना?"



संध्याकाळ व्हायच्या आत ती त्या पत्त्यावर गेली. साहेबांनी जाऊ नका म्हटलं होतं, कंपनीवर काही आलं तर वगैरे. तिने पर्स उचलली होती. जुनी, करड्या रंगाची इमारत, अरुंद जिना, तळमजल्यावर उघड्या दारात शिवणाचं मशीन, आणि मशीनवर अर्धं शिवलेलं उशीचं कव्हर तसंच अडकलेलं. शिवणवाल्या काकू दारातच बसल्या होत्या.

"तुम्हीच का त्या फोनवरच्या? या. तिची आई तिकडेच आहे दवाखान्यात, मगाशी वर त्यांच्याच फोनवर निरोप आला. मेंदूत गुठळी म्हणे. जीवाचा धोका टळला."

हिंटताईने चपला दाराबाहेर काढल्या.

"उजवा हात मात्र हलत नाहीये," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार. या दुखण्यात मिनिटामिनिटाचा हिशेब असतो म्हणे. थोडं आधी आणलं असतं तर..." आणि मग, आपण कुणापुढे काय बोलतोय याची कल्पना नसताना, त्या म्हणाल्या, "पण तुम्ही होतात म्हणून निदान एवढं तरी! नाहीतर पोर बसली असती दाराला कडी लावून."

मुलगी आत पलंगावर होती. पायाला मलम, केस विस्कटलेले. तिने हिंटताईकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मला वाटलं तुम्ही म्हाताऱ्या असाल."

"का गं?"

"बाबा म्हणतात, तिला सगळं येतं." मुलीने पायाच्या अंगठ्याकडे बघत विचारलं, "तुम्हाला उत्तर येत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

हिंटताई पलंगापाशी खाली बसली. आयुष्यभर ती लोकांना बगल देऊन बोलण्याचा पगार घेत आली होती. इथे तिला बगल देता आली नाही.

"मला वाटलं तू खेळतेयस. तुमचा नियम आहे ना, कप्तान म्हणायचं. आमचाही एक नियम आहे, लगेच सांगायचं नाही. मी आमचा नियम पाळत बसले."

मुलीने विचार केला. "मी बाबा म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं."

"नाही," हिंटताई इतक्या जोरात म्हणाली की दारातल्या काकूंनी वळून बघितलं. "यात तुझी चूक नाही. अजिबात नाही. मी विचारायला हवं होतं, कोण पडलाय, कुठे पडलाय. मोठी मी होते. ऐकलंस?"

मुलीने मान हलवली. पटलं की नाही, ते कळलं नाही. तिला झोप येत होती.

बसमध्ये हिंटताईला बसायला जागा मिळाली होती, तरी ती दोन स्टॉप आधीच उतरली आणि चालत सुटली. तिच्या डोळ्यांसमोर तो बाप नव्हता, ती मुलगीही नव्हती. तिथे तिची लेक होती, बंद दाराआड, अभिमानाने उभी. आणि आत फरशीवर कुणीतरी पडलेलं. कोण, ते तिला दिसत होतं.

घरी आल्यावर तिने पर्स ठेवली, चपला काढल्या. लेक गृहपाठ करत होती. हिंटताई स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि तिथेच जमिनीवर आडवी झाली.

"हे काय, आई?"

"मी पडले. आता तू काय करशील?"

लेक हसली. "ऊठ ना, साडी मळेल."

हिंटताईने डोळे मिटले.

"आई, नाटकं पुरे. भूक लागलीय मला."

उत्तर द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. एकही पायरी द्यायची नाही. ती एवढी सोपी गोष्ट असेल असं तिला वाटलं होतं, आणि ती इतकी अवघड होती की तिने पदराआड मूठ आवळली. लेकीची बोटं तिच्या गालाला लागली. मग खांदा हलवला गेला. आधी हळू, मग जोरात.

"आई. ऊठ. आई, मला नाही आवडत असं. ए आई!"

हसू आता आवाजातून गेलं होतं. लेक उठली. पावलं दारापर्यंत गेली आणि थांबली. हिंटताईला दिसत नसलं तरी दिसत होतं: कडीपर्यंत गेलेला हात, आणि तो मागे घेतलेला. "दार उघडायचं नाही," लेक स्वतःशीच म्हणाली, त्या एका सुरात. "अनोळखी..." सूर मध्येच तुटला. बराच वेळ काही झालं नाही. इतका वेळ की आता उठावं, पुरे झालं, पोरीला जवळ घ्यावं असं हिंटताईला वाटलं, आणि ती उठली नाही.

मग कडी पडली.

"काका! काकी! कुणीतरी या! माझी आई पडली!"

जिन्यात दारं उघडली. समोरचे काका अर्ध्या दाढीला साबण लावलेले तसेच धावत आले, मागून काकी, वरून आणखी कुणीतरी. "वहिनी! अहो वहिनी! पंखा लावा रे! डॉक्टरांना बोलवा आधी!" सगळे एकदम बोलत होते, आणि त्या सगळ्यांच्या पायांतून वाट काढत लेक आत शिरली आणि आईच्या छातीवर डोकं टेकवून थरथरत राहिली.

हिंटताईने डोळे उघडले. मिटल्या पापण्यांतून पाणी वाहून दोन्ही कानांत गेलं होतं. वर साबणाचा चेहरा वाकून बघत होता. या माणसांना काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे तिला सुचेना. तिने लेकीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि तशीच पडून राहिली.